ऊन

आधी कान धरायचे, हे मला कळलं
मागच्या वेताला.
काबरी व्याली, दुसऱ्या रात्री बसली ती बसलीच,
मान वळवून पोटाशी.
कान हातात घेतले तर
विहिरीतून शेंदलेल्या घागरीसारखे गार.
तुरमुरीहून डॉक्टर बसर्गी आले तेव्हा तीन वाजले होते.
कॅल्शियमची बाटली वाशाला टांगली,
मी टॉर्च धरून उभी, उजेडापर्यंत.

यंदा वेत जवळ आलं तशी
त्यांनी तपकिरी बाटली दिली.
"बेन्निगे हच्चरि."
पाठीला लावा.
काय आहे ह्यात, म्हटलं.
मराठी शब्द शोधत ते दाराबाहेर बघत राहिले.
बाहेर कुद्रेमनीचा पाऊस,
अठरा दिवस पत्र्यावर तोच एक आवाज.
मग म्हणाले, "बिसलु. बाटलीतला बिसलु."

बिसलु म्हणजे ऊन,
हे आमच्याकडं वासरालाही ठाऊक.
पण उन्हाला तेलकट वास असतो, हे नवीन.

"लागू पडंल?"
"बघायचं. कातड्यातून किती आत जातंय,
किती केसातच राहतंय, रक्त सांगंल."
आणि सुईच्या नळीत थोडं घेऊन गेले.

रोज संध्याकाळी केस दुभंगून चोळते,
खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत.
काळ्या ठिगळाखाली कातडी काळी, पांढऱ्याखाली गुलाबी.
भरमाणी भावजी धार काढता काढता म्हणतात,
काळं कर्नाटक, पांढरं महाराष्ट्र,
आणि शेपूट कोर्टात.
काबरी तीच शेपूट त्यांच्या तोंडावर मारते.

माझ्याही गुडघ्यांचा रिपोर्ट आलाय बेळगावहून.
तीच कमतरता, तेच अक्षर.
उन्हात बसा म्हणाली डॉक्टरीण.
मी कुठं जातो उन्हात बसाय?
पहाटे चारला गोठा, नवाला डेअरी, मग शेण, मग वैरण,
पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवर, डोक्याला टॉवेल.
हातमोजे घालून लावा, असं बजावलंय.
मंगळवारी डाव्या हाताचा अंगठ्यापाशी फाटला.
बदलला नाही.

काल व्याली. कालवड.
रक्ताचा कागद अजून आलेला नाही.
आता अडीच वाजलेत, टॉर्च दातात धरून आत आले
आणि पाय तिथंच थांबले:
मान पोटाशी वळवलेली.

निजलेली गाईही अशीच बसते, मला माहीत आहे.

हात पुसते. वाकते.
डावा कान
ऊन.
उजवा तिच्या अंगाखाली दडलाय.
उठ गं बाई, एकदा उठ,
मग नीज हवी तेवढी.