नाव टाइप करा

हाप्सालूच्या नगरपालिकेत नोव्हेंबरात
दुपारी साडेतीनलाच अंधारून येतं.
लेलो दिवा लावते, बिल उघडते:
दोनशे चौदा युरो. कुणाच्यातरी ढगात
आपण बिऱ्हाड मांडलंय, त्याचं महिन्याचं भाडं.
समासात महापौरबाईंनी पेन्सिलीने लिहिलंय,
'एवढे कोण राहतात तिथे?'

लेलो यादी उघडते.
कामाचे तीन. बाकी अकरा.

नाताळच्या जत्रेची प्रश्नमंजूषा; ती जत्रा होऊन सहा वर्षं झाली.
वाचनालयात सापडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो.
चाचणी. चाचणी-दोन. चाचणी-दोन-नवी.
चाचणी-शेवटची. चाचणी-शेवटची-खरंच.
सगळी आर्वेटची पिलावळ. आर्वेट आता निवृत्त,
पार्नूजवळ मधमाश्या पाळतो, फोन उचलत नाही.

काढून टाकणं सोपं ठेवलेलं नाही.
लाल बटण दाबलं की एक चौकट येते:
खात्रीसाठी नाव टाइप करा.
म्हणजे ज्याला घालवायचं
त्याचं नाव आधी नीट,
एकही अक्षर न चुकता, लिहून दाखवायचं.
लेलो 'चाचणी-शेवटची-खरंच' लिहिते.
कॉफी घेते.
हातमोज्यांपाशी जरा घुटमळते,
तो राखाडी, अंगठ्याला लाल लोकर, ओळखीचा वाटतो.
मग त्यांचंही नाव लिहिते.

अकरावा: बर्फरस्ता.
समुद्र गोठला की गाड्या बर्फावरून
थेट वोर्म्सी बेटावर जायच्या, तेव्हाचा.
रोज पहाटे पाच चाळीसला हा उठतो,
खाडीतल्या खांबावरच्या यंत्राला विचारतो, किती जाड?
यंत्राची बॅटरी संपून चार हिवाळे गेले.
न आलेलं उत्तर हा शून्य समजतो
आणि इमानेइतबारे लिहितो:
बर्फ शून्य सेंटिमीटर. रस्ता बंद.

नोंदी चाळल्या तर
पाच एकेचाळीसला रोज एक पाहुणा.
एकच. बेटावरून.

लेलोला लगेच कुणी म्हातारा दिसतो,
लोकरी टोपी, हातात कप, खिडकीत समुद्र.
बोट लाल बटणावरून मागे येतं.
ती बेटावर एंडलाला फोन लावते;
एंडलाला सगळ्यांचं सगळं ठाऊक.

एंडला हसते. 'अगं, माझ्या दुकानातला टीव्ही तो!
दुकान बंद केलं त्याला दोन वर्षं झाली.
भिंतीवरचा तेवढा राहिला वाटतं.'

म्हणजे कुलूपबंद दुकानात रिकाम्या फळ्यांना
एक पडदा रोज सांगतोय, रस्ता बंद,
आणि इकडे हा
मेलेल्या यंत्राला रोज हाक मारतोय,
आणि आपण मोजतोय महिन्याला सात युरो.

'मग काढू ना?'
पलीकडे बराच वेळ नुसता वारा.
'काढ,' एंडला म्हणते. 'पण उद्या.
सकाळी किल्ली घेऊन मी एकदा जाऊन येते.'

दुसऱ्या दिवशी लेलो पांघरुणातच,
फोनच्या उजेडात नोंदी उघडून.
पाच एकेचाळीस: पाहुणा एक.
पाच त्रेचाळीस: पाहुणे दोन.
दुसरा बेटावरच्याच कुठल्याशा फोनवरून.
चौदा मिनिटं थांबलाय
दोन वाक्यांच्या पानावर.

लाल बटणाच्या वर एक करडी पट्टी असते,
तिकडे सहसा लक्ष जात नाही.
एकाचं शून्य करायचं. ती नाव विचारत नाही.
पुसत काही नाही; फक्त उठवत नाही.
दारातून निघताना काही लोक 'जातो' म्हणत नाहीत,
'येतो' म्हणतात, तसं काहीसं.

लेलो पट्टी सरकवते.

ऑफिसात, पेन्सिलीच्या त्या प्रश्नाखाली,
ती पेन्सिलीनेच उत्तर लिहिते:
कामाचे तीन.
आणि एक झोपलेला. त्याचं भाडं पडत नाही.