बुधवार, शनिवार

आमच्या बाथटबात माणसांनी अंघोळ करायचे
वार ठरलेले होते: बुधवार, शनिवार.
बाकीचे दिवस माशांचे.
लाकडी माशांचे.

एल्डन टबाच्या काठाशी गुडघे टेकून बसायचा,
जो चर्चमध्ये नाताळ सोडून कधी टेकला नाही.
हातात सीडरचा वीतभर तुकडा, पोटात शिसं ओतलेलं,
अजून रंग नाही, डोळे नाहीत.
पाण्यात सोडायचा आणि श्वास धरून बघायचा
कसा बुडतो ते.
"नाकावर पडतोय," म्हणायचा.
पुन्हा गॅरेज. पुन्हा ड्रिलची घरघर.
चिमूटभर शिसं शेपटीकडे.

मला वाटायचं, मासा नीट पोहायला हवा
म्हणून ही एवढी खटपट.
लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं, उलटंच आहे.
नीट पोहणाऱ्याकडे मस्की ढुंकूनही बघत नाही.
चार फुटांची ती बाई, बदकाच्या चोचीसारखं तोंड,
आत सुयांचा डबा उपडा केलेला,
उत्तर विस्कॉन्सिनच्या चहाच्या रंगाच्या पाण्यात
ओंडक्यासारखी पडून असते
आणि वाट बघते
कुणाचं तरी काहीतरी बिनसण्याची.
"आजार कोरायचा असतो," एल्डन म्हणायचा,
"मासा काय, कुणीही कोरेल."

एकदा मरायला टेकलेला सकर मासा
त्याने बादलीत ठेवून रात्रभर पाहिला.
उजवीकडे कलायचा. थांबायचा.
मग काहीतरी आठवल्यासारखा हातभर पुढे,
आणि पुन्हा विसरायचा.
सगळं वहीत उतरवून घेतलं, मिनिटांसकट.
मी म्हटलं, माझ्या आईच्या शेवटच्या आठवड्यात
तू दोनदा आलास हॉस्पिटलात.
तो पेन्सिलीला टोक करत राहिला.

खवले उमटवायला बारीक जाळी लागते:
माशावर ताणायची, वरून रंगाचा फवारा,
जाळी उचलली की खवले.
दुकानातली जाळी जाड.
सतराव्या वर्षी ट्रंक उघडली तर
माझ्या लग्नातल्या डोक्यावरच्या जाळीचा
एक कोपरा कापलेला, कडेला हिरवा रंग.
भांडले. दोन दिवस जेवण वेगळं.
मग तो मासा उन्हात धरून बघितला
आणि उरलेली जाळीही देऊन टाकली.

मार्चमध्ये, तळ्यावर अजून बर्फ होतं,
एल्डन गॅरेजमध्ये पडला.
उजवा हात गेला. शब्द गेले,
एक सोडून: दार.
भूक लागली, दार. औषध नको, दार.
मी टबाशी गुडघे टेकून मासा सोडते,
तो कमोडच्या झाकणावर बसून
डाव्या हाताचं बोट खाली करतो:
नाकावर पडतोय.
माझ्या बोटांना आता एपॉक्सीचा वास,
अंगठ्यावर पटाशीचे तीन वण.
मी कोरलेला पहिला मासा
गसच्या कुत्र्याने पळवला आणि परत आणून दिला.

सप्टेंबरात गसने आम्हाला होडीत बसवलं,
एल्डनला तर उचलूनच.
संध्याकाळ. मी फेकला, गुंडाळत आणला.
माझा मासा उजवीकडे कलला. थांबला.
काहीतरी आठवल्यासारखा पुढे आला,
आणि त्याच्यामागे तळ वर आला,
निदान मला तसं वाटलं.
होडीच्या कडेला काठीचं टोक पाण्यात बुडवून
मी आठाचा आकडा काढत राहिले,
डावं बोट दाखवत होतं तसा, एकदा, दोनदा.
ती तिथेच थांबली.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
लाकडाकडे बघत होती की आमच्याकडे, ठाऊक नाही.
मग घाई न करता
खाली उतरली.

गसने शिवी हासडली.
एल्डन म्हणाला, "दार."
त्या दिवशी मला तो शब्द चुकला असं वाटलं नाही.

घरी आलो. बुधवार होता, अंघोळीचा.
मी टब भरला आणि मासा सोडला.
अजून जरासा नाकावर पडत होता.