इंजिनाखालची दोन रबरं

थांबली की ती जास्त हलायची.
हार्लेकच्या रेल्वे फाटकाशी
दोन डब्यांची गाडी निघून जाईपर्यंत
गिअरच्या दांड्यावरचा गोळा थरथरत राही
हुडहुडी भरल्यासारखा,
आणि आरशात मागचं गाव
पाण्यात पडल्यासारखं दिसे.
किल्ला, खाटकाचं दुकान,
मागच्या गाडीतल्या बाईचा चेहरा,
सगळ्यांना दोन-दोन कडा.

वय झालंय तिचं, वडील म्हणत.
एकाहत्तर सालची ट्रायम्फ, माझ्याहून चार वर्षांनी थोरली.
मी कुठे अशी हलते, मी म्हणायचे.

मग मागच्या महिन्यात पंख्याने
रेडिएटरवर एक गोल ओरखडा काढला,
तेव्हा कुठे कबूल केलं त्यांनी:
रबरं गेली.

पार्सल उघडल्यावर मला हसूच आलं.
दीडशे घोड्यांची ताकद, आणि तिच्याखाली
हे एवढंसं,
दोन पत्र्यांमध्ये चिकटवलेली काळी वडी.
याच्यावर?
याच्यावरच.
लोखंडावर लोखंड ठेव,
महिनाभरात दोघं एकमेकांना खातील.

आता त्यांना गाडीखाली झोपता येत नाही.
म्हणजे झोपता येतं, उठता येत नाही.
म्हणून खाली मी, जुन्या गालिच्याच्या तुकड्यावर,
आणि ते दुधाच्या उपड्या क्रेटवर.
(तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला,
क्रेट तेवढे घरी उरले.)
फक्त त्यांचे बूट दिसतात मला
आणि आवाज ऐकू येतो:
आधी फळी ठेव, सम्प पातळ पत्र्याचा आहे.
आता जॅक. हळू.
इंचभर पुरे, नळ्या ताणतील.

उजवा नट निमूट सुटला.
डावा हलेना.
पान्याला पाइप लावला, तेल सोडलं, वाट पाहिली.
मग बुटांच्या बाजूने एक वेल्श शिवी आली,
आईसमोर कधी न दिलेली,
आणि नट सुटला.

डावं रबर हातात आलं ते दोन तुकड्यांत.
तेल पिऊन फुगलेलं,
बाहेरून नखाने सोलावं इतकं मऊ,
आत उभं चिरलेलं.
उजवं अजून धड होतं.
डाव्यावर जास्त येतं, ते म्हणाले,
तेलही तिकडेच गळतं.

जेवणाच्या टेबलावर आई बसायची
ते आणि गेथिन यांच्या मधल्या खुर्चीवर.
मीठ इकडून तिकडे तीच द्यायची.
ती गेली त्या वर्षी गेथिन कॅनडाला गेला.
हे मी म्हटलं नाही.
गाडीखाली तोंड उघडलं की माती पडते.

नवीन बसवताना भोकं जुळेनात,
बोटाच्या पेराएवढं अंतर राहिलं.
बूट उठले. क्रेट कलंडला.
एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने इंजिनाला कंबर लावली
आणि अडेल गाय सरकवावी तसं सरकवलं.
आता!
बसलं.

चालू केली.
गोळा स्थिर.
त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला,
उचलला, पुन्हा ठेवला.
बंद पडली का गं?
नाही, चालू आहे.
हं, म्हणाले, थोडे नाराज झाल्यासारखे.

एकटी जाऊन ये एक चक्कर, मी दार लावतो.
फाटकाबाहेर वळताना आरशात पाहिलं.
किल्ल्याला एकच कड होती.
आणि त्याच्या अलीकडे ते,
इतके स्पष्ट की स्वेटरचं उलटं लावलेलं बटण दिसलं,
किती बारीक झालेत ते दिसलं.
हात हलवत नव्हते.
फुटक्या रबराचे दोन तुकडे
रुमालाने पुसत होते,
एकमेकांना लावून पाहत होते.

मी क्लच सोडला.
सवयीने पोट आवळून धरलं होतं
त्या ठक्क आवाजासाठी.