तिसरा रकाना

नोंदवहीत मी कालच पट्टीने तीन रकाने आखले:
माजी विद्यार्थी, पालक, हितचिंतक.
दाराशी टेबल, टेबलाला दोरीने बांधलेलं पेन
(पेनं परत येत नाहीत, हा चोवीस वर्षांचा अनुभव),
बाजूला कोकम सरबताचं पिंप.

दहाला अधिष्ठाता मॅडम आल्या. सव्वादहाला वीज गेली.

पालक लवकर आलेले. लांज्याचे, राजापूरचे,
एक जोडपं देवरुखहून पहिल्या एसटीने,
पिशवीत लेकीसाठी फणसपोळी.
प्रश्न घडी घालून खिशात आणलेले:
वसतिगृहाचं पाणी मचूळ का लागतं,
नोकरी लागते का, लागली तर किती लांब.

माजी विद्यार्थी मोटारींतून उतरले.
कुणाची वेरावळला कोळंबीची तळी, कुणी मस्कतला शीतगृहात,
एकजण विमा विकतो, त्याची मिठी सगळ्यांत घट्ट.
टक्कल पडलेली माणसं एकमेकांना
बांगडा, तारली, बोंबील म्हणून हाका मारत होती.
मी पहिला रकाना भरत होतो.

मग अब्बास होडेकर आले, साखरतरचे.
धुवट लेंगा, काखेत प्लास्टिकची पिशवी.
पेन उचललं, आणि थांबले.
"माजा पोर हय शिकला नाय, मी पन नाय.
मंग मी खय लिवू?"

कॉलेजची होडी तीस वर्षं त्यांच्या हातात होती.
दर बुधवारी पोरं खाडीत न्यायची,
तळाचं पाणी बाटलीत कसं धरायचं ते दाखवायचं,
ओकणाऱ्यांच्या पाठी चोळायच्या.
त्यांतलीच एक पाठ आता व्यासपीठावर होती,
शालीखाली.

मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

मॅडम निधीबद्दल बोलल्या, मानांकनाबद्दल बोलल्या.
माइक मेलेला, आवाज चौथ्या रांगेपर्यंत.
"आपण सारे एक कुटुंब," त्या म्हणाल्या,
तेव्हा मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

प्रश्नांच्या वेळी होडेकर उठले. प्रश्न नव्हता.
पिशवीतून सात वह्या निघाल्या
आणि पाण्याचा खारेपणा मोजायचं ते यंत्र.
"होडी इकलात. ह्या माज्याकडंच रायला.
न्यायला कोन आला नाय, म्हनून मोजत रायलो."

अकरा वर्षांचे बुधवार.
एका ओळीत फक्त: वादळ.
एका ओळीत: बायको गेली. पुढच्या बुधवारी पुन्हा आकडा.

मॅडम खाली आल्या.
पालकांच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या,
चष्मा लावला, आकड्यांवरून बोट फिरवत राहिल्या.
"ही भरतीची वेळ की ओहोटीची?"
"वर लिवलाय.
तुमी तवा पन वर बगायचा इसरायचाव."
सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत,
त्यांनी पान मागे उलटून वर पाहिलं.

अहवालात मी टंकलं:
माजी विद्यार्थी त्रेसष्ट, पालक एकशे अठरा, हितचिंतक एक.
वह्या ग्रंथालयात नोंदवायच्या की जडसंग्रहात,
यावर टिपणी फिरते आहे. तोवर त्या माझ्या कपाटात.

बुधवारी होडेकर आले. आठवी वही हवी होती.
दोनशे पानी, एक नग, मी सही घेतली.
दोरी कापून पेनही पुढे केलं.
"पेन नको," म्हणाले,
"पान्यात शाई फुटते. शिसपेन्सील हाय काय?"