ढ

शाळेने पाठवलेला फॉर्म सात पानी.
प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन :
कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.
रात्री भांडी आवरून मी तो घेऊन बसते.
बाहेर हडर्सफील्डचा चढ, त्यावर धापा टाकणारी शेवटची बस.

‘वस्तू हरवते का?’
काल एक बूट फ्रीजमध्ये सापडला,
दुधाच्या बाटलीमागे, लेस नीट बांधलेली.
याला कुठला चौकोन?

‘सांगितलेलं ऐकत नाही असं वाटतं का?’
वाटतं.
पण कालव्याच्या कुठल्या फाटकातून पाणी झिरपतं,
कुठल्या होडीवरचं कुत्रं आंधळं आहे,
आणि आईशी फोनवर बोलताना
मी कधीपासून आवाज खाली घ्यायला लागले,
हे सगळं शाल्मलीला ऐकू येतं.
फक्त ‘मोजे घाल’ तेवढं येत नाही.

मिसेस ब्रेथवेट म्हणाल्या, मुलींचं असंच होतं.
त्या बाकं उलथत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात,
म्हणून कुणाला दिसत नाहीत.
बसमध्ये बसल्यावर मी मनात त्याचं मराठी केलं :
लक्षात येत नाहीत.
म्हणजे लक्ष नव्हतं ते आमचं.

प्रश्न एकोणीस. ‘कुटुंबात आणखी कुणाला?’

दिगू.
दोनदा नापास होऊन माझ्याच वर्गात येऊन बसलेला
माझा मोठा भाऊ.
ब आणि व त्याच्यासाठी जुळे,
एकमेकांचे कपडे घालून हिंडणारे.
वाचायला उभा केला की आधी कॉलर भिजायची,
मग आवाज.
आमच्याकडे शब्दांची वाण नव्हती :
वेंधळा, धांदरट, मठ्ठ, उंडगा,
अंगात किडे, डोक्यात बटाटे.
आणि सगळ्यात आखूड, एकाच अक्षराचा.
गुरुजींनी तो फळ्यावर काढला,
म्हणाले, बाकीची अक्षरं काळाबरोबर बदलली,
हे दोन हजार वर्षं जसंच्या तसं. आपल्या दिगंबरासारखं.
वर्ग हसला.
मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी बाक बदलला.
ते एक अक्षर मात्र दिगू कधी चुकला नाही.

रविवारी जयसिंगपूरला फोन लावला.
म्हटलं, रांग मोठी आहे, दोन वर्षं लागतील म्हणतात.
पण नंतर परीक्षेत जास्त वेळ मिळेल,
पिवळा कागद मिळेल, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळेल.
त्याच्या दुकानामागे कोंबड्यांचा कालवा.
मग तो कमी झाला, दार लोटलं असावं त्याने.

‘याला नाव आहे?’

सांगितलं.

‘परत सांग.’

सांगितलं. त्यातला क्स त्याच्या दातांत अडकला,
दुसऱ्यांदा शब्दाचे दोन तुकडे पडले,
तिसऱ्यांदा तो उलटाच बाहेर आला.
‘ज्यांना जोडाक्षर जमत नाही
त्यांच्या दुखण्याला असलं नाव कुणी ठेवलं गं?’
आणि तो हसला, पोटभर.
मला जमलं नाही. माझं हसून झालं होतं,
पाचवीत.

‘दोन वर्षं म्हणालीस?’
‘हो.’
‘बरंय की. रांग आहे म्हणजे
पुढे खिडकीत कुणीतरी बसलंय.’

एका पायात मोजा घालून शाल्मली जिन्यात उभी होती,
कधीपासून, कुणास ठाऊक.
तिने फोन मागून घेतला.
एका लंगड्या कोंबडीविषयी दोघं अर्धा तास बोलली,
तिचा कुठला पाय, ती कशी वळते,
वळताना पंख कुठला उघडते.

एकोणिसाव्या प्रश्नाला चौकोन नव्हते, नुसती रेघ.
मी लिहीत गेले. रेघ संपली, समास संपला,
पान उलटून मागे लिहिलं.

फोन कुठे ठेवला ते शाल्मलीला आठवेना.
मंगळवारपर्यंत शोधत होतो आम्ही.