मीठ राहिलं

होडी सुटली, काठ लहान झाला
की हमखास कुणाला तरी आठवतं – मीठ राहिलं.
अंबऋषी इंजिन बंद करत नाही, होडी फिरवतही नाही,
नुसती मान वळवतो, "कुणाकडं हाय का चिमूटभर?"
आणि पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या नऊ जणांत
पुढच्या बाजारापर्यंतचं मीठ वाटून होतं.

वाडीवर एकोणीस चुली.
तीन बाजूंनी भीमा, चौथ्या बाजूलाही भीमाच,
फक्त आता तिला उजनी म्हणायचं.
धरण भरलं तेव्हा टेकाडावर जे उरले
ते एकमेकांचे सोयरे झाले.
नसते झाले तर भांडले कुणाशी असते?

सोपानाच्या कोंबड्या माझ्या मेथीत.
त्यावरून त्याच्या बायकोशी बोलणं बंद, दिवाळीपासून.
पण दळण हुसेनबीच्याच गिरणीत,
होडी एकच,
आणि रेंज येते ती त्या एकाच बाभळीखाली.
मी बहिणीशी बोलते,
ती पाठमोरी उभी राहून सगळं ऐकते
आणि मग नंबर लावते, तिच्या माहेरचा.

बहीण सोलापुरात, विडी घरकुलात.
"पाणी सोडलंय का गं तिकडनं? पाचवा दिवस हाय."
जशी काही चावी माझ्याच कनवटीला.
मी समोर बघून सांगते, "हाय की. लई हाय."
सांगत नाही
की हे पाणी पायरीला हिरवं चिकटतं,
त्यात हात धुतला की पुन्हा हात धुवावा लागतो,
आणि प्यायचा जार आमच्याकडं होडीतून येतो,
पाण्यावरून पाणी,
भाडं वेगळं.

डीपी जळाली तर लाइनमन म्हणतो, "मला पोहता येत न्हाई."
आम्हाला तरी कुठं सगळ्यांना येतं.

थंडीत रोहित उतरतात,
त्यांच्यामागं पुण्याची माणसं, हातभर लांब कॅमेरे.
एक जण म्हणाला, "मावशी, जरा खाली बसता?
फोटोत येताय."
बसले. नाहीतरी भांडी घासायचीच होती.
राख हातात घेऊन पाहिलं :
गुलाबी रांग, चोची चिखलात उलट्या घातलेल्या,
हुसेनबी चष्मा विसरून तांदूळ निवडते
अगदी तशी.
मला हसू आलं. तो म्हणाला, हलू नका.

सत्तावन्न मतांसाठी यंत्र आलं, मास्तर आले, पोलीस आला,
सगळे नारिंगी जाकिटं घालून.
पोलिसाला होडी लागली. लिंबू दिलं.
रात्री चिलापीचं कालवण दिलं, चांदणं पडलं होतं,
तो म्हणाला, "काय सुख आहे हो इथं."
कालवणात मीठ पाच घरचं होतं.

चैत्रात पाणी उतरतं.
आधी वर येतो जुन्या विहिरीचा कठडा,
मग गाडीवाट,
मग एके दिवशी भेगाळल्या चिखलातून चक्क फटफटी येते.
आठ महिने आम्ही हिचीच वाट बघतो.
फटफटीवर बचत गटाच्या हप्त्याचा माणूस असतो.
मागोमाग कुल्फीवाला, मुलगी बघायला आलेले,
आणि पलीकडची कुत्री, जी रात्रभर आपली ओळख सांगतात.
कडी लावायची आठवण ठेवावी लागते.
गाळात टरबूज धरतं, गोड होतं,
बोटभर गाळावरून काठ्या निघतात.
होडी उपडी घातलेली, तिच्याखाली सोपानाच्या कोंबड्या.
अंबऋषी बाभळीखाली बसून असतो,
वाटेनं कुणीही, कधीही, एकेकटं जातं,
काय राहिलं म्हणून विचारायला मान वळवावी
तर मागं कुणी नसतं.

परवा सोपानाची बायको दारात आली.
वाटी पुढं केली. बोलली नाही.
मी मीठ घातलं, वर दाबून घातलं. मीही नाही बोलले.
दुकान आता चालत वीस मिनिटांवर आहे,
हे दोघींनाही माहीत होतं.