खोटं गवत

डाउवे म्हणतो, पाइपाचं काय,
पडून राहायचं, एवढंच तर काम.
कॉफीचा मग कठड्यावर ठेवून
हात सोडून दाखवतो: बघ, असं.
मग घसरतो, पाण्यात जातो.
कोणी हसत नाही. वादळ जाऊन नऊच दिवस झालेत.

हार्लिंगनहून निघालो तेव्हा ओहोटी लागली होती.
पडद्यावर सोनारची करडी रेघ,
रेघेखाली तिची सावली,
आणि एका जागी सावली रेघेपासून सुटलेली.
पायाखालची वाळू सरकली.
ही म्हण नव्हे, मोजमाप आहे:
सतरा मीटर.

सतरा मीटर पाइप अधांतरी.
आतून बेटाचं पिण्याचं पाणी चाललंय,
बाहेरून खारं पाणी त्याच्या पोटाखालून
वाट काढतंय, दिवसातून चार वेळा दिशा बदलून.
मागे भोवरे सुटतात, एक वर, एक खाली,
आणि पाइप थरथरतो,
कोणी नुकतंच बोट काढून घेतलेल्या तारेसारखा.
ऐकू येत नाही. आकड्यांत कळतं.

येल्मर नवा आहे. विचारतो,
मग आणखी जड का नाही केला?
केलाय की, चार बोटं जाड काँक्रीटचं अस्तर आहे.
पण वजनानं तळ गाठता येतो फक्त.
तळच उठून गेला
तर वजन घेऊन करायचं काय?
शिवाय लाट नुसती ढकलत नाही, उचलतेही.
पाठीवरून पाणी घाईनं जातं
आणि एवढा मोठा पाइप हलका होतो,
कौतुकानं माणूस होतो तसा.

म्हणून आज गवत लावायचं.
कारखान्यातून आलेलं, प्लास्टिकचं, पोपटी,
माणसाच्या छातीएवढं उंच,
चटईवर शिवलेलं, कडांना नांगर.
पाणी थबकतं ती चाळीस मिनिटं
च्येर्द खाली असतो.
त्याचा श्वास स्पीकरवर येतो,
मधेच एक शिवी, मधेच "बसली."

माझे वडील बेटावर गवत लावायचे,
खरं, टोकदार, वाळूच्या टेकाडांवर.
फावड्याचा एक घाव, मूठभर काड्या, वरून टाच.
दोन पावलं. पुन्हा.
गवत वाळूला अडवत नाही, सांगायचे,
दमवतं.
दमलेली वाळू बसते.
बरोबर हेच आमच्या अहवालात आहे,
साडेतीन पानं, दोन आलेख.

आता ते बेटावरच्या वृद्धाश्रमात आहेत.
मला त्यांची बहीण समजतात, अँके,
जी लहानपणीच गेली.
मी ग्लास ओठाला लावते.
पाणी कुठून येतं हे सांगितलं होतं एकदा,
त्यांनी मान हलवली,
अँकेला सगळं ठाऊक असतं असं काहीसं म्हणाले.
पांघरुणाखाली उजवी टाच दाबली जाते,
थांबते,
पुन्हा दाबली जाते.

एप्रिलमध्ये परत गेलो.
त्या जागी सावली नव्हती. पाइपही नव्हता,
नुसता वाळूचा लांबट उंचवटा,
आणि त्यातून गवताची टोकं,
बुडायला आलेली.
येल्मरनं टाळी वाजवली.
मी पडदा पुढे सरकवला.
पूर्वेला, चटई संपते तिथून वीस मीटरवर,
रेघेखाली एक बारीक काळी फट.

डाउवेनं या वेळी मग हातातच धरला होता.
किती, त्यानं विचारलं.
सहा, मी म्हटलं.
अजून सहाच.